अखेरच्या पानावरचा माणूस

ख्वाजा अहमद अब्बास म्हटले की 'आवारा', 'श्री ४२०' आणि 'बॉबी' आठवतात. सहलेखक व्ही. पी. साठे यांच्यासोबत राज कपूर यांच्यासाठी त्यांनी लिहिलेले हे चित्रपट तुफान चालले. पण अब्बास साहेबांची पहिली ओळख पत्रकाराची.

७ जून १९१४ रोजी पानिपतला त्यांचा जन्म झाला. थोर उर्दू कवी मौलाना हाली हे त्यांचे पणजोबा. अलीगढमध्ये शिकून ते मुंबईत आले आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये बातमीदार, चित्रपट समीक्षक झाले. तिथे सुरू झालेले त्यांचे 'लास्ट पेज' हे सदर पुढे 'ब्लिट्झ'मध्ये गेले. सुमारे अर्धे शतक, मृत्यूपर्यंत ते चालले.

बातमीदाराची नजर घेऊनच ते चित्रपटात उतरले. 'धरती के लाल'मध्ये त्यांनी बंगालचा दुष्काळ दाखवला. चीनमध्ये जखमींची सेवा करता करता प्राण गमावलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्यावरूनच व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आला. गोवा मुक्तीच्या लढ्यावरील 'सात हिंदुस्तानी'मध्ये (१९६९) त्यांनी मुद्दामच भूमिकांची अदलाबदल केली. बंगाली उत्पल दत्त पंजाबी झाले, तर जलाल आगा मराठी शिंदे. अमिताभ बच्चन यांचा हा पहिला चित्रपट.

स्वतः काढलेल्या चित्रपटांनी त्यांना पैसा क्वचितच दिला. इतरांसाठी लिहून मिळवायचे आणि स्वतःच्या चित्रपटात घालायचे, असेच चालले. 'शहर और सपना' मात्र १९६३ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

त्यांची खरी कसोटी लागली ती 'चार शहर एक कहानी' या छोट्या माहितीपटामुळे. महानगरांतील श्रीमंती आणि दारिद्र्य त्यात शेजारी शेजारी उभे होते. सेन्सॉरने वेश्यावस्तीची दृश्ये कापायला सांगितली. अब्बास साहेब थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला सुरू असतानाच सरकारने काटछाट न करता परवानगी देण्याची तयारी दाखवली. दुसरा कोणी असता तर समाधानाने घरी गेला असता. त्यांनी मात्र अर्जात दुरुस्ती करून सेन्सॉरच्या पूर्वपरवानगीलाच आव्हान दिले. प्रश्न आता त्यांच्या एका चित्रपटाचा राहिला नव्हता.

१९७० मध्ये निकाल लागला. पूर्वपरवानगीची पद्धत न्यायालयाने वैध ठरवली. म्हणजे मुख्य मुद्द्यावर अब्बास साहेब हरले. पण कलेला जागा देणारे स्पष्ट निकष हवेत, हेही न्यायालयाने बजावले. अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या खटल्यांत आजही त्यांच्या नावाच्या या निकालाचा आधार घेतला जातो.

१ जून १९८७ रोजी मुंबईत ते गेले. सत्तरहून अधिक पुस्तके मागे राहिली. आपले काम झाल्यावरही दुसऱ्यांच्या हक्कासाठी न्यायालयात थांबून राहण्याची सवय मात्र पुस्तकात मिळत नाही, ती ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते.