जोसेफ एमिन : कलकत्त्यातील एका आर्मेनियनाची राष्ट्रचिंता

अठराव्या शतकातील कलकत्त्याचे वाङ्मयीन चित्र रेखाटताना आपली दृष्टी साहजिकच बंगाली, फारसी, संस्कृत आणि इंग्रजी या चार भाषांकडे वळते. त्या नगरीत घर केलेल्या लहान समाजांचा विचार व्यापाराच्या इतिहासात होतो, वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच. आर्मेनियन समाज हा अशांपैकी एक. या समाजातील जोसेफ एमिन (१७२६–१८०९) याचे नाव आर्मेनियाच्या राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात अग्रभागी घेतले जाते. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांना मात्र तो जवळजवळ अपरिचित आहे. त्याचे तारुण्य कलकत्त्यात घडले, वार्धक्य तेथेच सरले आणि मृत्यूही तेथेच आला. त्याचे आत्मचरित्र हे कलकत्त्याशी निगडित असलेल्या आरंभीच्या इंग्रजी आत्मचरित्रांपैकी एक होय. त्याच्या चरित्राचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे तो या दुहेरी नात्यामुळे.

एमिनचा जन्म १७२६ मध्ये इराणातील हमदान येथे झाला. त्या वेळी आर्मेनिया नावाचे राज्य पृथ्वीवर नव्हते. तुर्क आणि इराणी साम्राज्यांनी १६३९ च्या तहाने तो प्रदेश आपसांत वाटून घेतला होता. त्यापूर्वीच, सतराव्या शतकाच्या आरंभी, शहा अब्बासने जुल्फा येथील आर्मेनियन वस्ती उठवून ती इस्फहानजवळ नेली आणि तेथे न्यू जुल्फा वसली. या वसाहतीतून निघालेल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या पुढे सुरत, मद्रास, सैदाबाद, चुंचुडा आणि कलकत्ता येथवर पसरल्या. राज्य नाही, सैन्य नाही, राजधानी नाही. आहे ती भाषा, स्वतंत्र लिपी आणि एच्मियाद्झिन येथील धर्मपीठ. अशा स्थितीत हा समाज स्वतःला एक लोक म्हणून ओळखत होता. एमिनच्या बालपणी तुर्कांच्या आक्रमणाने आणि नंतर नादिरशहाच्या कारकिर्दीतील जुलमाने पश्चिम इराण होरपळून निघाला. पित्याने व्यापारासाठी बंगालची वाट धरली आणि १७४४ च्या सुमारास जोसेफही त्याच्यापाठोपाठ कलकत्त्यास येऊन पोहोचला.

मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे असा एक योग आहे. एमिन कलकत्त्यास आला तेव्हा शहराभोवती खणलेला खंदक ताजा होता. रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने १७४२ मध्ये रहिवाशांनी तो खणावयास घेतला आणि तो पुरा न होताच काम थांबले. तो मराठा खंदक या नावाने प्रसिद्ध आहे. १७४४ मध्ये भास्करराम कोल्हटकर यांची अलिवर्दीखानाच्या छावणीत हत्या झाली. १७५१ च्या तहाने स्वाऱ्या थांबल्या. त्याच वर्षी एमिनने कलकत्ता सोडले. म्हणजे त्याच्या वास्तव्याची ही सात वर्षे आणि बंगालमधील मराठी स्वाऱ्यांचा काळ एकमेकांत गुंतलेले आहेत. ज्यांना बंगाली लोकस्मृती अद्याप बर्गी म्हणून ओळखते, त्या बारगिरांच्या धास्तीत जगणाऱ्या शहरात या तरुणाने कोटाच्या भिंती, शिस्तबद्ध शिपाई आणि तोफा बांधलेली जहाजे पाहिली. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष भीतीचा नव्हता. मूठभर परकीय लोक शिस्त आणि विद्या यांच्या बळावर स्वतःचे रक्षण करू शकतात, तर आपल्या लोकांनीच पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या दयेवर का जगावे, हा प्रश्न त्याच्या मनात येथे रुजला. त्याने इंग्रजी शिकावयास आरंभ केला आणि युद्धशास्त्र शिकण्यासाठी विलायतेस जाण्याचा हट्ट धरला. पित्याच्या दृष्टीने हे वेड होते. व्यापाऱ्याच्या मुलाने हिशेबाची वही सांभाळावी, तलवारीशी त्याला काय कर्तव्य? अखेर पित्याच्या इच्छेविरुद्ध तो एका इंग्रजी जहाजावर खलाशाचे काम पत्करून निघून गेला.

लंडनमधील पहिली वर्षे अत्यंत हलाखीची होती. गवंड्याच्या हाताखाली मजुरी कर, ओझी वाहा, असे करीत त्याने दिवस काढले. १७५५ च्या सुमारास एका उद्यानात त्याची एडमंड बर्कशी गाठ पडली. बर्क तेव्हा अप्रसिद्ध तरुण होता. त्याने एमिनला नकलनविशीचे काम दिले, पुस्तके दिली आणि मुख्य म्हणजे समानतेची वागणूक दिली. पुढे एमिनने नॉर्थंबरलंडच्या अर्लकडे पत्र पाठवून आपला हेतू निवेदन केला. त्या पत्राने त्याचे भाग्य पालटले. एलिझाबेथ माँटेग्यूसारख्या विदुषीच्या वर्तुळात त्याला प्रवेश मिळाला, कंबरलंडच्या ड्यूकचा आश्रय लाभला आणि वूलिच येथील लष्करी विद्यालयात शिक्षण घेता आले. १७५७ मध्ये सप्तवार्षिक युद्धातील जर्मनीच्या आघाडीवर त्याने प्रत्यक्ष रणांगण पाहिले.

१७५९ मध्ये तो प्रथमच आपल्या पूर्वजांच्या भूमीत गेला. एच्मियाद्झिनच्या धर्मपीठाकडून आपल्याला पाठबळ मिळेल, ही त्याची आशा तेथे मावळली. धर्मगुरूंची शिकवण अशी की, आर्मेनियनांचे पारतंत्र्य हे ईश्वरी योजनेचा भाग आहे आणि ते सहनशीलतेने भोगण्यातच धर्म आहे. एमिन श्रद्धाळू होता. परंतु ही शिकवण त्याला मान्य होण्यासारखी नव्हती. मनुष्य जन्मतः स्वतंत्र आहे, दास्य हे अज्ञानाचे आणि फुटीचे फळ आहे, आणि विद्या व शस्त्र यांच्या साह्याने ते दूर करता येते, अशी त्याची धारणा बनली होती. युरोपीय प्रबोधनाचा विचार आणि आर्मेनियाच्या प्राचीन राजांची स्मृती यांचा संयोग त्याच्या ठिकाणी झालेला दिसतो.

दुसरा प्रयत्न त्याने अधिक योजनापूर्वक केला. १७६१ मध्ये तो रशियास गेला आणि चान्सलर व्होरोन्त्सोव्ह याच्याकडून जॉर्जियाचा राजा दुसरा इराक्ली याच्या नावे शिफारसपत्र मिळवून १७६३ मध्ये तिफ्लिसला पोहोचला. इराक्लीच्या नेतृत्वाखाली जॉर्जियन आणि आर्मेनियन यांचे संयुक्त सैन्य उभारावे, काराबाखच्या आर्मेनियन सरदारांना त्यात सामील करावे आणि रशियाच्या सहानुभूतीने तुर्क व इराणी सत्तांचे जोखड झुगारावे, अशी त्याची कल्पना होती. प्रारंभी राजाने त्याचे स्वागत केले. परंतु त्याच वर्षी धर्मपीठावर आलेल्या सिमिऑन येरेवान्त्सी याने एमिनच्या हेतूंविषयी राजाला सावध केले. राजाच्या मनातही या महत्त्वाकांक्षी परदेशस्थाविषयी शंका असावी. एमिनला राज्य सोडावे लागले. त्यानंतर काही वर्षे तो दागिस्तान आणि काराबाखच्या डोंगराळ मुलखात हिंडत राहिला. पण सैन्य उभे राहिले नाही.

एमिनचे चरित्रकार सिमिऑनला खलनायक ठरवितात. हा निवाडा एकांगी वाटतो. सिमिऑनचे पीठ इराणी अंमलाखाली होते. उठाव फसला असता तर त्याचे प्रायश्चित्त कलकत्त्याच्या वा लंडनच्या आर्मेनियनांना घ्यावे लागले नसते, येरेवानच्या शेतकऱ्यांना घ्यावे लागले असते. शिवाय याच सिमिऑनने १७७१ मध्ये एच्मियाद्झिन येथे आर्मेनियाच्या भूमीवरील पहिला छापखाना स्थापन केला. भाषा व धर्म टिकवून लोक टिकवावयाचे, हा त्याचा मार्ग; राज्य मिळवून लोक उभे करावयाचे, हा एमिनचा. दोघांनाही आपापल्या परीने एकाच समाजाची चिंता होती. मतभेद होता तो धोका कोणी पत्करावयाचा आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर. दूर देशी राहून मायभूमीचे भवितव्य आखणाऱ्या प्रत्येक देशभक्ताच्या चरित्रात हा प्रश्न उभा राहतो आणि एमिनच्या चरित्रात तो अनुत्तरित राहिला आहे.

या संदर्भात बंगालमधील दुसऱ्या एका आर्मेनियनाचे स्मरण होते. मीर कासिमचा सेनापती गुर्गिनखान हाही आर्मेनियन व्यापारी कुटुंबातलाच. त्याने मुंघेर येथे तोफा ओतविल्या, नबाबाच्या सैन्याला युरोपीय पद्धतीची कवायत शिकविली आणि १७६३ मध्ये, म्हणजे एमिन तिफ्लिसला पोहोचला त्याच वर्षी, तो मारला गेला. बंकिमचंद्रांच्या ‘चंद्रशेखर’ कादंबरीत तो पात्र म्हणून येतो. एमिनच्या अंगी जी विद्या होती, तिचा उपयोग करून घेणारा राजा गुर्गिनखानाला बंगालमध्ये मिळाला; एमिनला तो आर्मेनियाच्या सीमेवरही मिळाला नाही. मात्र गुर्गिनखानाने ती विद्या दुसऱ्याच्या राज्यासाठी वेचली, तर एमिन अस्तित्वात नसलेल्या राज्यासाठी ती जपून राहिला.

१७७० मध्ये एमिन कलकत्त्यास परतला. मद्रासच्या धनिक आर्मेनियनांकडून मोहिमेसाठी द्रव्य मिळविण्याची त्याची खटपटही फळास आली नाही. परंतु त्याचा विचार तेथे वाया गेला, असे म्हणता येणार नाही. त्याचा काकेशसमधील सहप्रवासी मोव्सेस बाघ्राम्यान मद्रासला शहामीर शहामीर्यान या व्यापाऱ्याच्या घरी स्थिरावला होता. त्या मंडळाने उभारलेल्या छापखान्यातून १७७२ मध्ये आर्मेनियन तरुणांना जागे करण्याच्या हेतूने लिहिलेला ‘नोर तेत्राक’ हा ग्रंथ बाहेर पडला. पुढे याच मंडळाने स्वतंत्र आर्मेनियाच्या राज्यघटनेचा आराखडाही सिद्ध केला. १७९४ मध्ये ‘अझ्दारार’ हे जगातील पहिले आर्मेनियन नियतकालिक निघाले तेही मद्रासमध्येच. ज्या देशाला भूमी नव्हती त्याची घटना आणि वृत्तपत्र भारतीय बंदरात छापले जावे, ही घटना भारतीय मुद्रणाच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगी आहे.

एमिन पुन्हा एकदा इराणात गेला, न्यू जुल्फा येथे त्याचा विवाह झाला आणि अखेर तो कलकत्त्यास स्थायिक झाला. साठी ओलांडल्यावर त्याने आपले आत्मचरित्र इंग्रजीत लिहिले. एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांनी हस्तलिखित वाचून भाषेच्या चुका सुधारून दिल्या. ग्रंथ १७९२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. दीन महंमदाचे प्रवासवर्णन, जे भारतीय लेखकाचे पहिले इंग्रजी पुस्तक मानले जाते, ते त्यानंतर दोन वर्षांनी निघाले. एमिन जन्माने भारतीय नव्हता, हे खरे. तरी कलकत्त्यातील आशियाई माणसाने स्वतःविषयी इंग्रजीत केलेले इतके विस्तृत लेखन त्या काळी दुर्मिळच होते. ग्रंथाची भाषा ओबडधोबड आहे, प्रसंगांची मांडणी विस्कळित आहे आणि लेखक स्वतःविषयी तृतीयपुरुषात बोलतो. या दोषांतूनही एक आग्रही, मानी, प्रसंगी आत्मप्रौढीकडे झुकणारे व्यक्तिमत्त्व वाचकासमोर उभे राहते.

यात एक विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. मद्रासच्या मंडळाने आपले ग्रंथ आर्मेनियन भाषेत छापले. एमिनने आपली कहाणी इंग्रजीत सांगितली. ज्यांना जागे करावयाचे त्यांना ती वाचता येण्यासारखी नव्हती आणि ज्यांना ती वाचता येत होती त्यांना आर्मेनियाचे स्वातंत्र्य ही दूरच्या देशातली एक नवलकथा होती. भारतातील पुढच्या पिढ्यांच्या इंग्रजी लेखकांसमोर जो पेच उभा राहिला, त्याचे हे एक पूर्वरूप म्हणता येईल.

२ ऑगस्ट १८०९ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, एमिन कलकत्त्यात निवर्तला. तत्पूर्वी १७९५ मध्ये इराणी सैन्याने तिफ्लिस उद्ध्वस्त केले होते आणि १८०१ मध्ये रशियाने जॉर्जिया खालसा केला होता. १८२८ च्या तहाने येरेवानही रशियाकडे गेले. एमिनने रशियाकडे मित्र म्हणून पाहिले होते. तो मित्र धनी होऊन आला. त्याचा ग्रंथ १९१८ मध्ये त्याच्या वंशातील एमी अपकार हिने कलकत्त्यात पुन्हा प्रसिद्ध केला. योगायोगाने त्याच वर्षी पहिले आर्मेनियन प्रजासत्ताक जन्मास आले. ते १९२० मध्ये सोव्हिएत सत्तेखाली गेले आणि १९९१ मध्ये आर्मेनिया पुन्हा स्वतंत्र झाला.

स्वातंत्र्य मिळाले तरी एमिनचे प्रश्न संपलेले नाहीत. ज्या काराबाखच्या सरदारांवर त्याची भिस्त होती, त्या भूमीसाठी सोव्हिएत संघाच्या अखेरच्या काळापासून आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यात संघर्ष झाला. २०२० च्या युद्धात रशियाचा आधार अपुरा ठरला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये एक लाखाहून अधिक आर्मेनियन काराबाख सोडून गेले. सीमानिश्चितीच्या प्रश्नावर २०२४ मध्ये एका आर्चबिशपने सरकारविरोधी निदर्शनांचे नेतृत्व केले आणि २०२५ मध्ये पंतप्रधान व धर्मपीठ यांच्यातील वितुष्ट उघड्यावर आले. बलाढ्य शेजाऱ्यावर किती विसंबावे आणि राष्ट्राच्या वतीने बोलण्याचा अधिकार पीठाचा की राज्याचा, हे १७६३ मधील दोन्ही प्रश्न येरेवानमध्ये नव्या स्वरूपात पुढे आले.

कोलकात्यात १७२४ मध्ये बांधलेले आर्मेनियन चर्च आणि १८२१ मध्ये स्थापन झालेले आर्मेनियन विद्यालय ही दोन्ही आजही उभी आहेत. मराठा खंदक मात्र कधीच बुजला; त्याच्या काही भागावर सर्क्युलर रोड झाला. ज्या शहराने मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला, त्याच शहरात विसाव्या शतकाच्या आरंभी सखाराम गणेश देउस्करांच्या प्रेरणेने शिवाजी-उत्सव साजरा झाला आणि बंगाली माणसाने मराठी इतिहासात आपली राष्ट्रीय अस्मिता शोधली. दुसऱ्याच्या भूमीत उभे राहून आपल्या राष्ट्राचे स्वप्न पाहण्याची रीत या नगरीला नवी नाही. त्या परंपरेच्या अगदी प्रारंभी, एका अपूर्ण खंदकाच्या काठी, हमदानहून आलेला एक अठरा वर्षांचा मुलगा उभा आहे. त्याची गणना आपण अपयशी सेनापतींत करावी की यशस्वी लेखकांत, याचा निर्णय आर्मेनियाचा इतिहास करील. कलकत्त्याच्या वाङ्मयेतिहासात मात्र त्याला जागा देणे हे आपले काम आहे आणि ते अद्याप व्हावयाचे आहे.