प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज

मी कोण आणि मी कोणाचा, हे दोन प्रश्न प्रत्येक मनुष्यापुढे कधी ना कधी उभे राहतात. आईबाप अकाली जातात, भाऊबंदकी विकोपास जाते, देह साथ देईनासा होतो. अशा वेळी त्यांची धार अधिकच जाणवते. थोरांच्या ग्रंथांची पारायणे पुष्कळजण करतात. परंतु त्यांतील विचार स्वतःच्या दुःखास लावून पाहणारे विरळाच. मोर्शीच्या शेजारी, चांदूरबाजार तालुक्यातील माधान गावी असा एक पुरुष होऊन गेला. त्यांचे अल्पचरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवताना आम्हांस धन्यता वाटते.

श्रीगुलाबराव महाराजांचा जन्म 6 जुलै 1881 रोजी लोणी टाकळी येथे, आजोळी झाला. वडील गोंदुजी मोहोड हे माधानचे. घराणे कुणबी, शेती करणारे. वर्षाच्या आतच नेत्रविकाराने बालकाची दृष्टी गेली. चौथ्या वर्षाच्या सुमारास आई निवर्तली आणि आजीने त्यांस पोटाशी धरले. शेतकऱ्याच्या घरी अंध मुलाच्या वाट्यास काय येते, हे आपल्यापैकी कोणास सांगावयास नको. औत धरता येत नाही, हिशेब लिहिता येत नाही. दया मिळते, पण स्थान मिळत नाही.

ह्या बालकाने दयेवर समाधान मानले नाही. स्वतःस वाचता येत नव्हते, म्हणून इतरांकडून ग्रंथ वाचून घ्यावे आणि ऐकलेले कायमचे स्मरणात साठवावे, हा त्यांचा क्रम झाला. वेदान्त, सांख्य, योग, संतवाङ्मय ह्यांवर त्यांनी प्रभुत्व मिळविले. इतकेच नव्हे, तर डार्विन व स्पेन्सर ह्या पाश्चात्त्य पंडितांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. लोक त्यांस प्रज्ञाचक्षू म्हणू लागले ते उगीच नव्हे.

1896 साली मनकर्णिकाबाईंशी त्यांचा विवाह झाला. पुढे 1901 साली श्रीज्ञानेश्वरांचा अनुग्रह आपणांस लाभला, अशी त्यांची श्रद्धा होती. ज्ञानेश्वरांनी 1296 साली समाधी घेतलेली. मध्ये सहा शतकांचे अंतर. तरीही महाराजांनी त्यांस मायबाप मानले आणि स्वतःस ज्ञानेश्वरकन्या म्हणविले. श्रीकृष्णास पती मानून ते कुंकू व मंगळसूत्र धारण करीत. पाहणारास हे विलक्षण वाटावे ह्यात नवल नाही. परंतु ज्याने पोरकेपण भोगले, त्याने ग्रंथकर्त्यालाच आपले मायबाप केले, ह्यातील मर्म आम्हांस मोठे वाटते. त्यांच्यापुरता ज्ञानेश्वरीचा विचार पोथीत राहिला नाही. तो नाते झाला.

अद्वैत म्हणते की देव आणि भक्त दोन नाहीत. प्रेम तर दोघांवाचून संभवत नाही. हा पेच सोडविण्यासाठी त्यांनी मधुराद्वैत मत मांडले आणि 1905 साली त्या संप्रदायाची स्थापना केली. ऐक्य जाणूनही प्रेमाचे सुख भोगता येते, असा त्याचा आशय होय. शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ रचून 20 सप्टेंबर 1915 रोजी पुणे येथे त्यांनी देह ठेवला. वय अवघे चौतीस वर्षांचे होते. बाबाजी महाराज पंडितांनी त्यांची परंपरा पुढे चालविली.

महाराजांची सर्वच मते आजच्या वाचकास मान्य होतील, असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या वेषाचे अनुकरण करावे, असेही नाही. ते आपल्या ज्ञातीत जन्मले एवढ्यावर छाती फुगविणे तर त्यांच्याच शिकवणुकीस उणेपणा आणणारे ठरेल; कारण रक्ताच्या नात्यापलीकडचे नाते त्यांनी स्वतः जोडले. जन्माने जे दिले नाही किंवा काळाने जे हिरावून नेले, त्यावर आपली ओळख संपत नाही, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय. आज आपल्या घरांत एखादे अंध वा अपंग मूल असेल, आईवेगळे लेकरू असेल, तर त्यास कोपऱ्यात न बसविता कोणी रोज चार पाने वाचून दाखवावी. त्यात उद्याचा प्रज्ञाचक्षू असेल वा नसेल. पण आपण कोणाचे तरी आहोत, हे त्या लेकरास खचित कळेल.