मातीतून औषध काढणारे वॅक्समन

पिंपरीची एच.ए. कंपनी, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये स्थापन झाली. तिथे आधी पेनिसिलीन आणि मग स्ट्रेप्टोमायसिन तयार होऊ लागले. आम्हा डॉक्टरांना स्ट्रेप्टोमायसिन ठाऊक आहे ते टीबीचे इंजेक्शन म्हणून. डाळिंब बागायतदारांना तेच टेट्रासायक्लिनसोबत ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’च्या पुडीत भेटते. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत सापडले, ते सेल्मन वॅक्समन मुळात डॉक्टर नव्हते, मातीचे अभ्यासक होते.

आजच्या युक्रेनमधील एका खेड्यात १८८८ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९१० मध्ये ते अमेरिकेत गेले, नातेवाइकांच्या शेतावर राहिले आणि रटगर्स येथे शेतीशास्त्र शिकले. पहिल्या पावसाच्या मृद्गंधामागे ज्या जिवाणूंचा हात असतो, त्या स्ट्रेप्टोमायसिस गटावर त्यांनी आयुष्य वाहिले. मातीतले जिवाणू जागेसाठी आणि अन्नासाठी एकमेकांशी झुंजतात. या झुंजीतली रसायने माणसाच्या कामी येतील का, हा त्यांचा प्रश्न होता. आधी हाती लागलेली औषधे फार विषारी निघाली. अखेर १९४३ मध्ये त्यांचा विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याला स्ट्रेप्टोमायसिन सापडले. टीबीवर गुणकारी ठरलेले हे पहिले अँटिबायोटिक.

पुढे श्रेयावरून गुरू-शिष्य कोर्टात गेले. १९५० च्या तडजोडीत शॅट्झ यांना सहसंशोधक मानले गेले, तरी १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळाले. मात्र स्वामित्वधनाचा मोठा वाटा त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राची संस्था उभारण्यासाठी दिला. १९७३ मध्ये ते गेले.

त्यांच्या हयातीतच या औषधाची मर्यादा उघड झाली होती. १९४८ च्या ब्रिटिश चाचणीत बरे वाटू लागलेल्या अनेक रुग्णांचे जंतू काही महिन्यांतच औषधाला दाद देईनासे झाले. म्हणून टीबीवर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत आली.

शेतातले जिवाणूही याला अपवाद नाहीत. डाळिंबावरचा तेल्या, लिंबावरचा खैऱ्या हे झॅन्थोमोनास जिवाणूंमुळे होणारे रोग. त्यांवर वारंवार फवारणी केली की औषधाला न जुमानणारे जंतूच मागे उरतात आणि हा गुण ते इतर जंतूंनाही देऊ शकतात. त्यामुळेच केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतील या दोन्ही अँटिबायोटिक्सचा वापर थांबवण्याचा मसुदा काढला.

निरोगी रोपे लावणे, रोगट फांद्या छाटून नष्ट करणे, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करणे, बागेत हवा खेळती ठेवणे ही कामे कष्टाची आहेत, पण त्यांना जंतू सरावत नाहीत. सर्दी झाली की मागून अँटिबायोटिक घेणाऱ्या माझ्या रुग्णांनाही मी हेच सांगतो. मातीने दिलेले औषध जपूनच वापरायला हवे.