एक्सप्लेनर : पंडिता रमाबाईंनी बायबल सोप्या मराठीत का आणले?

धर्मग्रंथाचा अर्थ कोणी सांगायचा? धर्मगुरूने, की वाचणाऱ्याने स्वतः शोधायचा? सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या क्वेकर पंथाने दुसरा मार्ग धरला. शांत बसायचे, वाचलेले मनात घोळवायचे आणि त्यातून आपल्यासाठी काय निघते ते पाहायचे. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) क्वेकर नव्हत्या. पण स्वतः वाचून स्वतः ठरवण्याच्या हक्कासाठी त्यांनी मोठी किंमत मोजली.

बायबल हाती कसे आले?

वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी मोडून पत्नीला संस्कृत शिकवले. आईने रमाबाईंना शिकवले. दुष्काळाच्या काळात आई-वडील गेले. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्नानंतर सिलचरला राहत असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. १८८२ मध्ये पती वारले. पदरी लहान मुलगी मनोरमा होती.

चर्चशी वाद का झाला?

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. समाजाने दूर लोटलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू विहिरीवर बोलतो, ही कथा त्यांना भिडली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र येशूच्या देवत्वासारखे सिद्धांत चर्च सांगते म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. मार्गदर्शक सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा पत्रांतून दीर्घ वाद झाला. एका सत्तेतून सुटून दुसरीच्या हाती विवेक द्यायचा नाही, ही त्यांची भूमिका होती.

मायदेशी काय घडले?

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. ते पुढे पुण्याला हलवले. त्या दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली तिथे येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले, ‘केसरी’ने टीका केली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या, सल्लागार सुधारकही दूर झाले. ज्या ग्रंथावरून चर्चशी मतभेद झाले, त्याच ग्रंथावरून आता स्वकीय दुरावले.

भाषांतराची गरज का वाटली?

दुष्काळातून वाचवलेल्या मुली केडगावच्या ‘मुक्ती’मध्ये आल्या. तेव्हाच्या मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा कमी शिकलेल्या बायकांना कळत नसे. म्हणजे अर्थ सांगायला पुन्हा कोणीतरी हवेच! म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून मूळ भाषांतून बोलक्या मराठीत भाषांतर केले. ‘मुक्ती’च्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे काम तिथल्याच स्त्रियांनी केले.

१९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावची संस्था आजही सुरू आहे.