ज्या खर्चाचं व्हाउचर नाही

सेकंड इयरच्या सुट्टीत मी महिनाभर अंधेरीला एका फिल्म प्रॉडक्शनच्या अकाउंट्स ऑफिसमध्ये काम केलं. हिरो-हिरॉइन बघायला मिळतील म्हणून गेले, आणि मिळाली काय, तर व्हाउचर्स! रिक्षाचं भाडं, स्पॉटबॉयचा भत्ता, जनरेटरचं डिझेल... सगळं एका पेटी कॅशच्या वहीत चिकटवायचं. तिसऱ्याच दिवशी माझ्या हातून युनिटच्या जेवणाचं बिल हरवलं. अकाउंटंट काका ओरडले नाहीत. कागद नाही म्हणजे ते जेवण झालंच नाही, एवढंच शांतपणे म्हणाले. शेवटी कॅटररच्या हातापाया पडून डुप्लिकेट आणलं.

त्याच महिन्यात मी लोकलमध्ये दादासाहेब फाळक्यांचं चरित्र वाचत होते. (आम्ही कॉन्व्हेंटवाले! एका पानाला तीन स्टेशनं जातात, हसू नका.) त्यामुळे झालं असं, की भारतीय सिनेमाच्या जनकाचं आयुष्य मी हिशेबाच्या चष्म्यातूनच वाचलं.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली, ती स्वदेशीच्या वाऱ्यात सोडली. छापखाना काढला, यंत्रं बघायला 1909 मध्ये जर्मनीला गेले, आणि परत आल्यावर भागीदारांशी बिनसलं म्हणून तोही सोडला. प्लेसमेंटच्या भाषेत सांगायचं तर भयंकर रेझ्युमे! चाळिशीला आलेला, घर चालवायची जबाबदारी असलेला माणूस, आणि हातात काही नाही.

1911 मध्ये गिरगावातल्या तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात किडा शिरला. इतके सिनेमे पाहिले की काही काळ दिसेनासं झालं. मग 12,000 रुपयांची विमा पॉलिसी गहाण टाकली आणि फेब्रुवारी 1912 मध्ये लंडन गाठलं. तिथे सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत तंत्र पाहिलं, विल्यमसन कॅमेरा घेतला, आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही घेतलं. आपल्यासाठी इंटरेस्टिंग गोष्ट म्हणजे तेव्हा कच्ची फिल्म बिनभोकांची यायची. दातेरी चाकावर फिल्म सरकायची तर अंधाऱ्या खोलीत आधी कडेची भोकं पाडा, मग शूटिंग.

परत आल्यावर पैसे नाहीतच. तेव्हा कुंडीत वाटाणा लावून, महिनाभर थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेऊन, रोप मिनिटभरात वाढताना दाखवलं. आज त्याला टाइम-लॅप्स म्हणतात. ते पाहून सावकार तयार झाला, पण तारण हवंच होतं. ते आलं दुसऱ्या पत्नीच्या, सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून.

इथे माझी लोकल अंधेरीच्या पुढे निघून गेली!

कारण दागिन्यांवर हे संपत नाही. अंधारात फिल्मला भोकं पाडणं, केमिकल्स मिसळणं, भर उन्हात पांढरी चादर धरून कलाकारांवर प्रकाश टाकणं, आणि साठ-सत्तर माणसांचा रोजचा स्वयंपाक, सगळं त्याच करत. तारामतीचं काम तूच कर असं दादासाहेबांनी सुचवलं, तर त्यांनी नकार दिला म्हणे. मग बाकीचं कोण बघणार? शेवटी ग्रँट रोडच्या हॉटेलातला आचारी अण्णा साळुंके तारामती झाला. हॉटेलात 10 रुपये मिळायचे, इथे 15. म्हणजे पगारी आचारी राणी झाला आणि घरची बाई बिनपगारी आचारी! साळुंकेंचे 15 रुपये वहीत सापडतील. सत्तर माणसांचं जेवण करणाऱ्या हातांचा पगार कुठल्या हेडखाली टाकायचा? आमच्या काकांच्या नियमाने ते जेवण झालंच नाही.

'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 ला कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला आणि तुफान चालला. 1917 चा 'लंका दहन' तर असा चालला की गल्ल्याची नाणी बैलगाडीत भरून न्यावी लागली असं सांगतात. तरी पैसा टिकेना, आला की पुढच्या सिनेमात. 1918 मध्ये भांडवलदार भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. आता खरं अकाउंट्स ऑफिस आलं, आणि भांडणंही आली. भागीदारांना खर्चाचा हिशेब हवा, दादासाहेबांना मनासारखा शॉट. (खरं सांगते, महिनाभर त्या खुर्चीत बसल्यावर मला भागीदारांचंही थोडं पटतं.) ते सोडून काशीला गेले, 1922 मध्ये परत आले, पण ती मजा राहिली नाही. मग बोलपट आला. 1937 चा 'गंगावतरण' शेवटचा. 16 फेब्रुवारी 1944 ला नाशिकला ते गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार 1969 पासून दिला जातो.

माझ्या फर्स्ट इयरच्या फीच्या वेळी आईच्या पाटल्या गेल्या होत्या. तेव्हा मी फक्त रिसीट जपून ठेवली, कॉलेजची. परवा आईला विचारलं, पाटल्यांचे नक्की किती आले गं? ती म्हणाली की आठवत नाही, आणि तू आधी जेवून घे, पोळ्या गार होतायत.