वनस्पतींच्या ठिकाणांचा शोध घेणारे डॉ. आघारकर

येवला : येवल्याशेजारच्या नांदूरमध्यमेश्वर जलाशयात काठाला पाणकणीस, तर आत बुडीत पाणवनस्पती वाढतात. खोली, गाळ व प्रवाह यांनुसार त्यांचे समूह बदलतात. वनस्पती कोठे व का वाढते, याच प्रश्नाचा वेध डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी घेतला. १८८४ मध्ये मालवणात जन्मलेल्या आघारकरांनी सह्याद्रीच्या गोड्या पाण्यात जेलीफिश शोधला. त्याचा वंश तोवर आफ्रिकेतच ठाऊक होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीत ते ब्रिटिश प्रजाजन म्हणून स्थानबद्ध झाले. तरीही वायव्य भारतातील शुष्क प्रदेशाच्या वनस्पतींवरील प्रबंध त्यांनी बर्लिनमध्ये पूर्ण केला. पुढे कोलकाता विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी स्थापन करून १९६० मध्ये ते निवर्तले. १९९२ मध्ये तेथील संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.