ऑक्टेव्हिया हिल आणि गरिबांचीं घरें

मोठ्या शहरांतील गरिबांस राहावयास चांगली जागा कशी मिळावी, हा प्रश्न ज्यांनीं जन्मभर आपला मानला, अशा एका थोर इंग्लिश बाईंचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ऑक्टेव्हिया हिल यांचा जन्म ता. ३ डिसेंबर १८३८ रोजीं विझबीच गांवीं झाला. वडील धान्याचे व्यापारी. परंतु १८४० सालीं त्यांचें दिवाळें निघालें व कुटुंबास हलाखीचे दिवस आले. बाई चौदा वर्षांच्या सुमाराच्या असतांनाच लंडनमध्यें खेळणीं करणाऱ्या गरीब मुलींच्या कामावर देखरेख करूं लागल्या. त्या मुलींचीं कोंदट बिऱ्हाडें पाहून त्यांचें मन कळवळलें.

पुढें सुप्रसिद्ध ग्रंथकार जॉन रस्किन यांस वडिलार्जित संपत्ति मिळाली. १८६५ सालीं त्यांनीं मॅरिलेबोन भागांतील तीन मोडकीं घरें घेऊन बाईंच्या हवालीं केलीं. भांडवलावर शेंकडा ५ व्याज सुटावें, एवढीच अट होती. या कामांत पैसा बुडत नाहीं असें दिसल्यास इतर धनिकही पुढें येतील, हा त्यांतील हेतु.

बाई दर आठवड्यास स्वतः भाडें वसूल करीत. थकबाकी त्या चालूं देत नसत. पण मालकाचें कर्तव्यही चुकवीत नसत. दुरुस्तीसाठीं ठराविक रक्कम बाजूस ठेवीत. मोडतोड कमी होऊन तींतून जें उरे, तें भाडेकरूंस हव्या असलेल्या सोयींवर खर्च होई. त्यामुळें घर जपण्यांत भाडेकरूंस स्वतःचें हित दिसूं लागलें. १८७४ पर्यंत अशा १५ ठिकाणीं सुमारें ३,००० भाडेकरू राहूं लागले. १८८४ सालीं चर्चच्या मिळकती पाहणाऱ्या मंडळानें सदर्क भागांतील घरें बाईंकडे सोंपविलीं. हें काम वाढलें तें त्यांनीं तयार केलेल्या स्त्रियांच्या बळावर.

नगरपालिकेनें स्वतः घरें बांधावीं, हें मात्र बाईंस मान्य नव्हतें. या बाबतींत त्यांची दृष्टि अपुरी होती, असें आम्हांस वाटतें. लाखों लोकांची गरज एवढ्यानें भागेना. अखेर १९१९ च्या कायद्यानें तेथील नगरपालिकांस सरकारी मदतीनें घरें बांधावीं लागलीं. परंतु नुसत्या भिंतींनीं घर होत नाहीं, त्याची काळजी वाहणारें माणूस लागतें, ही बाईंची शिकवण खोटी ठरली नाहीं.

ता. १३ ऑगस्ट १९१२ रोजीं त्या निवर्तल्या. धनिकाचा पैसा, सेवकाचे श्रम आणि भाडेकरूचा स्वाभिमान हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे केवढें काम होतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं या चरित्रावरून अवश्य ध्यानीं घ्यावें.